नफा वाढला, भाव पडला!

'अकाउंटिंगचे प्राध्यापक' हे दोन शब्द वाचूनच निम्म्या मंडळींनी पान उलटलं असेल. पुढच्या पानावर प्रेमकविता आहे, त्यामुळे ती मंडळी लवकरच परत येतील! जे अजून इथेच आहेत त्यांना आधीच सांगतो, इंजिनिअरिंग कॉलेजच्या अंकात हा लेख चुकून आलेला नाही. ज्या प्राध्यापकांबद्दल लिहितोय त्यांनी आयुष्यभर जे काम केलं ते आपल्या भाषेत सांगायचं तर नॉईजमधून सिग्नल वेगळा काढायचं काम. फरक इतकाच की त्यांचा सिग्नल म्हणजे कंपनीचा नफा आणि नॉईज म्हणजे शेअर बाजार.

त्यांचं नाव फिलिप ब्राऊन. मूळचे ऑस्ट्रेलियाचे. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात कॉमर्स शिकून ते पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेत शिकागो विद्यापीठात गेले. सिडनीच्याच त्या विद्यापीठातून रे बॉल हे दुसरे ऑस्ट्रेलियनही तिथे आले. या दोघांनी मिळून लिहिलेला वीस पानांचा एक पेपर १९६८ साली प्रसिद्ध झाला. त्या क्षेत्रात नुसतं 'बॉल अँड ब्राऊन' म्हटलं तरी पुरतं, आपल्याकडे नुसतं 'शॅनन' म्हटलं की पुरतं तसं.

आता ई अँड टीसीचा मुलगा या वाटेला गेलाच कसा? एक कारण म्हणजे ओपन इलेक्टिव्ह. टीईला लिस्टमधले 'सोपे' म्हणून प्रसिद्ध असलेले विषय माझा रोल नंबर येईपर्यंत भरून गेले आणि वाट्याला फायनान्शियल अकाउंटिंग आलं. दुसरं कारण जास्त खरं आहे, ते म्हणजे माझे बाबा.

बाबा साखर कारखान्याच्या अकाउंट्स विभागात एकतीस वर्षं होते. गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि ग्रॅच्युइटी, फंड असे सगळे पैसे एकदम हातात आले. असे पैसे आले की त्याचा वास गावभर कसा पसरतो कुणास ठाऊक! तालुक्याच्या गावचा एक ओळखीचा सब-ब्रोकर घरी येऊन बसू लागला. एकदा त्यानं एका कंपनीचा रिसर्च रिपोर्ट आणून दिला. बारा पानी, चकचकीत, आलेखांनी भरलेला आणि पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत 'बाय'. बाबांनी थोडे शेअर घेतले. थोडे म्हणजे आमच्या घराच्या मानानं बरेच. तीन महिन्यांनी तिमाही निकाल लागला. नफा गेल्या वर्षीपेक्षा बावीस टक्क्यांनी जास्त! बाबा खूश. आणि दुसऱ्या दिवशी बाजार उघडला तर भाव नऊ टक्के खाली.

पैसे कमी झाले याचं दुःख होतंच, पण त्यांना लागलं ते वेगळंच. ज्या माणसानं एकतीस वर्षं नफा-तोटा पत्रक रुपयाचाही फरक न ठेवता जुळवलं, त्याला बाजार सांगत होता की नफ्याच्या आकड्याला काही अर्थ नाही. त्या रात्री फोनवर मला म्हणाले, "अरे, मार्चअखेरीला आम्ही रात्र रात्र ऑफिसात बसायचो, ते मग कशासाठी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी इलेक्टिव्हच्या सरांना विचारलं, तर ते हसले आणि म्हणाले, "हाच प्रश्न घेऊन दोघांनी पेपर लिहिलाय. वाच."

वाचला. पहिल्यांदा डोक्यावरून गेला, दुसऱ्यांदा निम्मा कळला, आणि तिसऱ्यांदा मी मेसची वेळ विसरलो.

१९६०च्या दशकात अकाउंटिंगमधल्या बऱ्याच विद्वानांचं म्हणणं बाबांच्या भीतीसारखंच होतं. नफ्याचा आकडा मुळातच निरर्थक आहे, असं ते मानत. त्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. आपल्या वर्कशॉपमधला लेथच घ्या. तो पुस्तकात ज्या किमतीला लिहिलाय ती आमच्या जन्माच्या आधीची. त्याची झीज म्हणजे घसारा एक कंपनी एका पद्धतीनं काढते, दुसरी दुसऱ्या पद्धतीनं. गोदामातला जुना माल एक जण जुन्या भावानं धरतो, एक नव्या. अशा वेगवेगळ्या पद्धतींनी काढलेल्या रकमांची बेरीज-वजाबाकी करून शेवटी जो 'निव्वळ नफा' उरतो तो कशाचा? मग पंडितांची भांडणं चालत ती 'खरा' नफा कसा काढावा यावर. प्रत्येकाची आपली थिअरी. तपासून कुणीच बघत नव्हतं.

शिकागोतलं वातावरण मात्र 'आधी डेटा दाखवा' असं होतं, आणि डेटाही नुकताच हाताशी आला होता. मेरिल लिंच या दलाली पेढीनं १९६० साली पन्नास हजार डॉलर दिले आणि शिकागो विद्यापीठात न्यूयॉर्क शेअर बाजारातल्या समभागांच्या १९२६ पासूनच्या मासिक किमती गोळा करून संगणकावर चढवायचं काम सुरू झालं. सामान्य माणसानं शेअरमध्ये पैसे ठेवले असते तर किती मिळाले असते, हे त्या पेढीला लोकांना सांगायचं होतं. (मेरिल लिंचचं नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.) ती फाइल १९६४ मध्ये तयार झाली. एकीकडे किमतींच्या टेप, दुसरीकडे कंपन्यांच्या नफ्याची संगणकीय फाइल, आणि नफा नेमका कधी जाहीर झाला त्या तारखा 'वॉल स्ट्रीट जर्नल'मधून. आपण आज दोन ओळींच्या कोडमध्ये डेटा डाउनलोड करतो आणि तेवढ्यातही वायफाय गेलं म्हणून वैतागतो!

आता त्यांची युक्ती. मला विचाराल तर सगळा पेपर या एका युक्तीत आहे. त्यांनी नफा जास्त की कमी हे बघितलंच नाही. नफा अपेक्षेपेक्षा जास्त की कमी, एवढंच बघितलं. अपेक्षा कशी काढायची? सगळ्याच कंपन्यांचा नफा सरासरी इतका वाढला, तर या कंपनीचा साधारण किती वाढतो हे तिच्या जुन्या आकड्यांवरून काढायचं, म्हणजे आपलं साधं रिग्रेशन. त्यातून या वर्षीचा अपेक्षित नफा येतो. प्रत्यक्ष नफा वजा अपेक्षित नफा, ती एरर. एरर धन असेल तर चांगली बातमी, ऋण असेल तर वाईट बातमी. किमतीचंही तसंच, बाजाराबरोबर जेवढी हलायला हवी होती तेवढी वजा करून फक्त त्या कंपनीची स्वतःची हालचाल ठेवायची.

ई अँड टीसीवाल्यांना इथे काहीतरी ओळखीचं वाटायला हवं. इन्फर्मेशन थिअरीच्या पहिल्या लेक्चरला काय शिकलो? उद्या सूर्य पूर्वेला उगवेल, या वाक्यात माहिती शून्य. जे घडण्याची शक्यता कमी होती ते घडलं, की त्यात माहिती जास्त. शॅननचं १९४८चं गणित म्हणजे शेवटी आश्चर्याचं माप आहे. बॉल-ब्राऊन यांचा शॅननशी संबंध मी जोडतोय, त्यांनी नव्हे. पण एरर ही संकल्पना मला कंट्रोल सिस्टिम्सच्या पुस्तकापेक्षा या पेपरात जास्त कळली, हे आमच्या सरांनी कृपया वाचू नये.

तर २६१ कंपन्या आणि १९५७ ते १९६५ ही नऊ वर्षं. चांगल्या बातमीच्या कंपन्या एका बाजूला, वाईट बातमीच्या दुसऱ्या बाजूला. मग नफा जाहीर होण्याच्या बारा महिने आधीपासून सहा महिने नंतरपर्यंतचा आलेख. त्यातल्या निर्देशांकाला ते 'एपीआय' म्हणतात. (कॉम्प्युटरवाल्यांनी दचकू नये, हा वेगळा एपीआय आहे.) आलेखात दोन रेघा एका बिंदूतून निघतात. चांगल्या बातमीवाली वर चढत जाते, वाईट बातमीवाली खाली उतरत जाते. म्हणजे त्या 'निरर्थक' आकड्यात नक्कीच काहीतरी होतं. त्यांचा हिशेब असा की वर्षभरात एखाद्या कंपनीबद्दल जी माहिती बाहेर येते, तिच्यातली निम्मी किंवा त्याहून अधिक त्या एका नफ्याच्या आकड्यात पकडलेली असते.

पण गंमत पुढे आहे. त्या रेघा निकालाच्या दिवशी फाकत नाहीत, बारा महिने आधीपासूनच फाकू लागतात. निकाल जाहीर होईपर्यंत त्या माहितीतला ८५ ते ९० टक्के भाग किमतीत उतरून गेलेला असतो. तिमाही आकडे, वर्तमानपत्रं आणि इतर मार्गांनी बाजाराला आधीच सुगावा लागलेला असतो.

हे बाबांना समजावायला मला कष्टच पडले नाहीत. सुट्टीत घरी गेलो तेव्हा मी म्हटलं, "बाबा, तुमच्या कारखान्याची वार्षिक सभा आठवा." दर वर्षी सभासदांच्या घरी जाडजूड वार्षिक अहवाल येतो. ताळेबंद, नफा-तोटा, ऑडिट वर्ग, सगळं त्यात. सभेत लाउडस्पीकरवर विषय वाचला जातो आणि मांडवातून 'मंजूर, मंजूर' अशी आरोळी येते. अहवाल उघडतं कोण? कारण त्यातलं सगळं आधीच माहीत असतं. गाळप किती झालं, उतारा किती बसला, हे सीझन चालू असतानाच चहाच्या टपरीवर कळतं. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला कळतं, तोडणीच्या मुकादमाला कळतं. अहवालात एखादा आकडा टपरीवरच्या हिशेबापेक्षा वेगळा निघाला तरच सभेत खुर्च्या हलतात. आणि टपरीवर कुणी मनाला येईल ते बोलत नाही, कारण शेवटी अहवाल छापून येणार हे सगळ्यांना ठाऊक असतं.

बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "निम्मी माहिती म्हणतोस? वाईट नाही."

मग मी तो 'बाय'वाला रिपोर्ट काढला. चौथ्या पानावरच्या तक्त्यात त्याच तिमाहीची अपेक्षित नफावाढ छापलेली होती, २८ टक्के. आली २२. बाबा बघत होते २२, बाजार बघत होता उणे ६. बाबांनी लगेच दाखला दिला, "म्हणजे पोरगा नव्वद टक्के आणणार म्हणून गावभर सांगून ठेवायचं आणि पडले ऐंशी, तर घरात सुतक." माझ्या बारावीच्या निकालाचा दिवस त्यांना आठवत असावा. मी विषय बदलला.

पेपरची पुढची कथा आपल्यासारख्या रिजेक्शन पचवणाऱ्यांसाठी आहे. तो आधी 'द अकाउंटिंग रिव्ह्यू' या मोठ्या नियतकालिकाकडे गेला होता. तिथून नकार आला, हा अकाउंटिंगचा पेपरच नाही अशा अर्थाचा. तो १९६८ मध्ये छापला शिकागोच्याच 'जर्नल ऑफ अकाउंटिंग रिसर्च'नं. ज्या अमेरिकन अकाउंटिंग असोसिएशनचं ते नकार देणारं नियतकालिक, त्याच असोसिएशननं १९८६ साली पायाभूत संशोधनासाठीचा पुरस्कार सुरू केला आणि पहिला दिला तो या पेपरला! कॅम्पसला पहिल्याच राउंडमध्ये बाहेर पडलेल्यांनी ही हकिगत पाकिटात ठेवावी.

हे सगळं ऐकून बाबा भारावून जातील असं मला वाटलं होतं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "या २६१ मध्ये बंद पडलेल्या कंपन्या किती?"

हा प्रश्न मला तीन वाचनांत पडला नव्हता. आमच्या भागात बंद पडलेले, लिलावात निघालेले, भाड्यानं दिलेले कारखाने त्यांनी बघितलेत, म्हणून तो त्यांना पडला. परत जाऊन पेपर उघडला. कंपनी निवडायची अटच अशी की १९४६ ते १९६६ अशी सलग वर्षं तिच्या नफ्याचे आकडे उपलब्ध हवेत. म्हणजे मधे बुडालेल्या कंपन्या गेल्या, नव्या निघालेल्याही गेल्या. लेखकांनी ते स्वतःच नोंदवून ठेवलंय, लपवलेलं नाही. पुढे अनेकांनी वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या नमुन्यांवर तोच प्रयोग केला आणि मूळ आकृती टिकली. पण बाबांना मी मनातल्या मनात पूर्ण मार्क दिले.

ब्राऊन अमेरिकेत राहिले नाहीत. ते ऑस्ट्रेलियाला परतले आणि पर्थच्या वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठात प्राध्यापक झाले. मला त्यांच्याबद्दल खरा आदर वाटतो तो इथे. शिकागोत टेप तयार होत्या, ऑस्ट्रेलियात काहीच नव्हतं. तिथल्या शेअर-किमतींची तशीच फाइल उभी करण्याच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. असलं काम कुणाच्या नजरेत भरत नाही. प्रोजेक्टमध्ये डेटा क्लीनिंग ज्याच्या वाट्याला येतं त्याला हे कळेल. बाकीचे तिघे पीपीटी सजवत असतात आणि व्हायव्हात तेच बोलतात! १९७२ मध्ये जॉन केनेली यांच्याबरोबर त्यांनी तिमाही आकड्यांवर काम केलं आणि वार्षिकसारखीच तिमाही नफ्यातही माहिती असते हे दाखवलं. आज आपल्याकडे तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत निकाल जाहीर करावा लागतो आणि टीव्हीवर निकालांचा सीझन चालतो. त्यामागे हा जुना प्रश्न आहे, की लवकर दिलेला आकडा कुणाच्या उपयोगी पडतो का?

१९६८च्या आलेखात आणखी एक खोच होती. निकाल लागून गेल्यावरही त्या दोन रेघा लगेच आडव्या होत नाहीत, आणखी सुमारे दोन महिने हळूहळू त्याच दिशेनं सरकत राहतात. बाजार जर इतका हुशार, तर बातमी फुटल्यावरही तो अजून काय पचवत बसलाय? बरीच वर्षं सगळ्यांना वाटलं, मोजण्यात काहीतरी गडबड असेल. व्हिक्टर बर्नार्ड आणि जेकब थॉमस यांनी १९८९ आणि १९९०च्या पेपरांत त्याचा पिच्छा पुरवला तेव्हा दिसलं की लोक या तिमाहीच्या आकड्याचा पुढच्या तिमाहीसाठी काय अर्थ, हे पुरतं लक्षातच घेत नाहीत. सिस्टिमचा सेटलिंग टाइम म्हणा हवं तर. पण इथे ज्याला उशिरा कळतं त्याच्या खिशातून पैसे जातात, आणि उशिरा कळणारे बहुतेक आपल्या बाबांसारखेच असतात.

आता ते 'नव्वद टक्के आणणार' असं गावभर सांगणारे कोण, ते बघू. त्यांचं नाव ॲनालिस्ट. ब्राऊन यांनी १९६८ मध्ये अपेक्षा गणितानं काढली, पण खऱ्या बाजारात ती काढायला पगारी माणसं असतात. १९७६ पासून अमेरिकेत आय-बी-ई-एस नावाच्या सेवेनं ॲनालिस्टांचे अंदाज एकत्र गोळा करायला सुरुवात केली आणि संशोधकांना नवी खाण सापडली. जॉर्ज फॉस्टर आणि एरिक नोरीन यांच्याबरोबर ब्राऊन यांनी १९८५ मध्ये ॲनालिस्टांच्या एकाहून जास्त वर्षं पुढच्या अंदाजांचा आणि शेअर बाजाराचा संबंध यावर अख्खं पुस्तक लिहिलं. याच विषयात लॉरेन्स ब्राऊन नावाचे आणखी एक प्राध्यापक आहेत. त्यांनी रोझेफ यांच्यासोबत १९७८ मध्ये दाखवलं की ॲनालिस्टांचे अंदाज नुसत्या जुन्या आकड्यांवरून काढलेल्या गणिती अंदाजांपेक्षा सरस ठरतात. पहिले दोन दिवस मी हे दोन ब्राऊन एकच समजत होतो. आमच्या वर्गात तीन पाटील आहेत, तरी!

म्हणजे ॲनालिस्ट बिनकामाचे नाहीत. ते अभ्यास करतात, कंपनीच्या लोकांना प्रश्न विचारतात, आणि चहाच्या टपरीचं काम जरा शास्त्रशुद्ध पद्धतीनं करतात. अडचण वेगळीच आहे. त्यांच्या चुका दोन्ही बाजूंना सारख्या पडत नाहीत. एरर रँडम असती तर सरासरीत गेली असती, पण इथे बायस आहे. केंट वोमॅक यांनी १९९६ मध्ये मोठ्या अमेरिकन दलाल पेढ्यांच्या शिफारशी तपासल्या. नव्या 'बाय' शिफारशी नव्या 'सेल'च्या सातपट निघाल्या! आणि 'बाय' म्हटल्यानंतर किंमत आणखी सरकली ती २.४ टक्के, तीही थोड्याच दिवसांत. 'सेल' म्हटल्यानंतर मात्र सहा महिन्यांत ९.१ टक्के खाली. कारण समजायला एमबीए लागत नाही. 'विका' म्हटलं की कंपनी नाराज, आणि पेढीला त्याच कंपनीकडून शेअर विक्रीचं मोठं काम हवं असतं. मग 'विका' तेव्हाच लिहिलं जातं जेव्हा न लिहून चालतच नाही. शॅननचं गणित इथेही लागू, जे क्वचित येतं त्यात माहिती जास्त.

याचा कडेलोट डॉट कॉमच्या काळात झाला. मेरिल लिंचचे हेन्री ब्लॉजेट ज्या इंटरनेट कंपन्यांची जाहीर भलामण करत होते, त्यांतल्याच काहींना ते आतल्या ईमेलमध्ये कचरा म्हणत होते, हे न्यूयॉर्कचे ॲटर्नी जनरल एलियट स्पिट्झर यांच्या चौकशीत बाहेर आलं. २००३ मध्ये दहा मोठ्या पेढ्यांनी मिळून सुमारे १.४ अब्ज डॉलर भरून प्रकरण मिटवलं आणि ब्लॉजेट यांच्यावर या व्यवसायात कायमची बंदी आली. सामान्य माणसाला शेअरमध्ये किती मिळतात हे शास्त्रीयदृष्ट्या मोजण्यासाठी १९६० साली पैसे देणारी पेढी ती हीच.

आपल्याकडे सेबीनं २०१४ मध्ये रिसर्च ॲनालिस्टांसाठी नियम केले. त्यामुळे आता रिपोर्टमध्ये उघड करावं लागतं की पेढीला त्या कंपनीकडून गेल्या बारा महिन्यांत काही पैसे मिळाले का, कंपनीत तिचे शेअर आहेत का, वगैरे. हे असतं शेवटच्या पानावर, औषधाच्या पट्टीवरच्या अक्षरांत. आमच्या बारा पानी रिपोर्टचं बारावं पान मी मोबाइलच्या टॉर्चखाली बाबांना वाचून दाखवलं. गेल्या बारा महिन्यांत या कंपनीकडून मोबदला मिळाला आहे काय, या प्रश्नापुढे 'होय' छापलेलं होतं.

बाबा चिडले नाहीत. त्यांनी रिपोर्ट हातात घेतला, उलटा केला आणि शेवटच्या पानापासून वाचायला लागले. कारखान्यात ऑडिटरचा अहवाल आला की ते शेरे आधी वाचायचे, आकडे नंतर. एकतीस वर्षांची सवय. चकचकीत कागदामुळे ती मधेच कुठेतरी हरवली होती.

त्यांचा एक प्रश्न मात्र मला अजून सुटलेला नाही. ते म्हणाले, "हे सगळं ठीक. पण आकडाच खोटा असेल तर?" आपल्या कॉलेजात सत्यमचं नाव निघालं की जुने सर अजून हळू आवाजात बोलतात. ज्या कंपनीत प्लेसमेंट झाली की घरी पेढे वाटायचे, तिच्या अध्यक्षांनी ७ जानेवारी २००९ रोजी पत्र लिहून कबूल केलं की पुस्तकातली पाच हजार कोटींहून जास्त शिल्लक अस्तित्वातच नाही. एका दिवसात शेअरची तीन-चतुर्थांशाहून जास्त किंमत गेली. ऑडिटर होते, ॲनालिस्ट होते, बाजार होता, सगळे होते. बॉल-ब्राऊन यांचा पेपर एवढंच सांगतो की बाजार नफ्याच्या आकड्याकडे लक्ष देतो. आकडा खरा की खोटा हे तो सांगत नाही, तसा दावाही करत नाही. पण अशा प्रकरणांनंतर मला त्याचा अर्थ जरा भीतीदायक वाटतो, कारण ज्या आकड्यावर सगळे विश्वास ठेवतात त्याच आकड्यात खोटं मिसळणं सगळ्यात फायद्याचं.

ब्राऊन यांचं नंतरचं बरंच काम याच आसपास फिरतं. ऑस्ट्रेलियात १९९४ मध्ये कायदा झाला की किमतीवर परिणाम करणारी माहिती कंपनीनं लगोलग जाहीर केली पाहिजे. कायद्याच्या धाकानं खरंच फरक पडतो का, हे त्यांनी टेलर आणि वॉल्टर यांच्याबरोबर १९९९ मध्ये तपासलं. २००६ मध्ये वेंडी बीक्स यांच्याबरोबर पुढचा प्रश्न घेतला, की ज्या कंपन्यांचा कारभार चांगला, त्या जास्त उपयोगी माहिती देतात का? उत्तर आलं, देतात. आणि ते त्यांनी मोजलं कशावरून? किंमत किती लवकर जागेवर येते, किती ॲनालिस्ट त्या कंपनीच्या मागे आहेत, त्यांचे अंदाज कसे निघतात, अशा गोष्टींवरून. १९६८च्या आलेखातली तीच दोन टोकं, आकडा आणि किंमत, जवळजवळ चाळीस वर्षं हा माणूस धरून बसला. आम्हाला एक मिनी प्रोजेक्ट एका सेमिस्टरभर धरवत नाही.

आता घरची खबर. बाबांनी बहुतेक पैसे पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत टाकले. आईचं पहिल्यापासून तेच म्हणणं होतं, पण तिचा पेपर कुठे छापून आलेला नाही. त्या कंपनीचे शेअर मात्र बाबांनी विकलेले नाहीत. सब-ब्रोकर अजून येतो, चहा पितो, रिपोर्ट ठेवून जातो. तो गेला की बाबा रिपोर्ट उलटा करतात. त्यांनी दोनशे पानी वही घातली आहे. तिच्यात तीन रकाने आखलेत : माझा अंदाज, त्यांचा अंदाज, प्रत्यक्ष. 'त्यांचा' म्हणजे ॲनालिस्टांचा. पहिला रकाना पेन्सिलनं, निकालाच्या आधी भरायचा आणि नंतर खोडायचा नाही, असा नियम स्वतःच केलाय. दोन तिमाही झाल्या. एकीत बाबा जवळ होते, एकीत ॲनालिस्ट. पुढचा निकाल आमच्या ओरल्सच्या आठवड्यात आहे. अंदाज लिहून झालाय म्हणे, पण आकडा मला सांगत नाहीत.